दोन्ही घरांना विचार

अनेक आशीर्वाद. गरोदरपणात बीपी चढून लघवीत प्रथिन जाऊ लागतं, त्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याचा धोका गरोदर बाईच्या माहेरी आणि सासरी विचारून आधीच कसा ओळखायचा, त्यासाठी हे पत्र.

नोंदणीच्या वेळी "घरात कोणाला बीपी आहे का?" असं तू विचारतेस आणि पहिलटकरीण "नाही" म्हणते. त्या उत्तरावर थांबू नकोस. तिच्या आईच्या बाळंतपणात कदाचित कोणी बीपी मोजलंच नसेल. असं विचार: आईला किंवा सख्ख्या बहिणीला दिवसांत असताना तोंडावर, हातावर सूज होती का? झटके आले होते का? बाळ आठव्यातच झालं, फार बारीक झालं, की पोटातच गेलं? झटक्यांना कोणी 'बाहेरचं' म्हणत असेल, तर तोच शब्द वापर. मुलीला माहीत नसेल तर तिथूनच तिच्या आईला फोन लावायला सांग.

आईला किंवा बहिणीला प्रीएक्लॅम्प्सिया झाला असेल तर हिचा धोका साधारण दोन ते तीन पट. सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजारात, एकाच जनुकाचा सरळ हिशेब असतो, तसा इथे नाही. बीपीशी नातं असलेली बरीच जनुकं थोडाथोडा भार टाकतात. त्यामुळे यासाठी जनुकांची महागडी तपासणी कोणी सुचवली तर त्या घराचे पैसे वाचव.

आता सासर. इथेच बहुतेकांचं सुटतं. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारा नाळेचा गोळा, बाळाच्या बाजूची, म्हणजे तिच्यात निम्मी जनुकं बापाची. २०१७ साली बाळाच्या जनुकांत, एफएलटी-१ या जनुकाजवळ, धोका वाढवणारा फरक सापडला. या जनुकापासून बनणारं एक प्रथिन वारेतून आईच्या रक्तात उतरतं. ते जास्त झालं की रक्तवाहिन्यांना जपणारे घटक पकडून ठेवतं. मग बीपी चढतं आणि लघवीत प्रथिन जाऊ लागतं. म्हणून नवऱ्याच्या वेळी सासूला काय झालं होतं तेही विचार, पण तिला एकटीला गाठून. 'घराण्यात दोष' हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते फिरून सुनेच्याच अंगावर येतात. सासरची माहिती, प्रीएक्लॅम्प्सिया टाळायला देतात त्या अ‍ॅस्पिरिन गोळीच्या निकषात मोजत नाहीत, पण अशा बाईचं बीपी महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी बघ.

पहिलं बाळंतपण आणि आई-बहिणीचा इतिहास, हे दोन मध्यम धोके एकत्र आले की प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे अ‍ॅस्पिरिनसाठी पाठव. मागच्या खेपेला प्रीएक्लॅम्प्सिया, आधीपासून बीपी, मधुमेह किंवा जुळं असेल तर एकच कारण पुरे. गोळी ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री, १२ आठवडे झाल्यावर आणि १६ च्या आत सुरू. डॉक्टर साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत चालू ठेवतात. उशीर झाला की फायदा घटतो, कारण वारेला रक्त नेणाऱ्या वाहिन्या तोवर घडत आलेल्या असतात. धानाच्या रोवणीत बाया पाचव्या महिन्यात उगवतात, तेव्हा वेळ गेलेली असते. पाळी चुकल्याची खबर आशाताईकडून रोवणीच्या आधीच घे.

कॅल्शियम १४ आठवड्यांपासून, ५०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणाबरोबर. लोहाच्या गोळीसोबत कधीच नको.

आपल्याकडे सिकलसेल आहे, म्हणून त्याची सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी पहिल्याच भेटीत कर. सकारात्मक आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी. एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या बाईला प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असतो, आणि तिचं नेहमीचं बीपी मुळात कमी असतं. तिचं १३०/८० झालं तरी मागचे आकडे बघ आणि डॉक्टरांना कळव.

बीपी घेण्याआधी लघवी करून पाच मिनिटं टेकून बसव, दंड छातीच्या उंचीवर ठेव. जाड दंडाला लहान पट्टा लावलास तर आकडा खोटा चढतो. २० आठवड्यांनंतर १४०/९० आलं तर चार तासांनी पुन्हा घे, लघवीतलं प्रथिन तपास. १६०/११० असेल तर वाट बघू नकोस, लगेच १०८ बोलाव. झटके आले तर डाव्या कुशीवर वळव, झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन ५० टक्के, ५ ग्रॅम प्रत्येक कुल्ल्यात खोलवर, आणि गाडीत तू स्वतः बस.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, आणि तेव्हा ती बहुधा माहेरी असते. तिथल्या सिस्टरला आकडे फोनवर सांग. आणि बाळाच्या कार्डावर आईचा प्रीएक्लॅम्प्सिया लिहून ठेव, मुलगी असो की मुलगा.