सूत्रकृमी कीटकाला नेमके कसे मारतात?
उसाची मुळे खाणाऱ्या हुमणीसारख्या अळीपुढे अर्ध्या मिलिमीटरचा सूत्रकृमी, म्हणजे धाग्यासारखा बारीक कृमी, काहीच नव्हे, तरीही तो तिला मारतो कसा, असा आपला प्रश्न आहे. खरे तर मारेकरी सूत्रकृमी एकटा नसून त्याच्या आतड्यातील जिवाणू आहेत. कोइंबतूरच्या मातीतून मिळालेल्या आणि १९९२ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका या सूत्रकृमीचेच पाहा. त्याची तिसऱ्या अवस्थेतील पिल्ले काहीही न खाता ओल्या मातीत यजमान शोधत फिरतात, तोंड, गुदद्वार किंवा श्वसनरंध्रांतून अळीच्या शरीरात शिरतात आणि डोक्यावरील बारीक दाताने पातळ कातडीही भेदू शकतात. आत पोहोचताच ती फोटोऱ्हॅब्डस हे जिवाणू रक्तात सोडतात. त्यांच्या विषाने अळी साधारणतः एक-दोन दिवसांत मरते, विटकरी लाल होते आणि काळोखात मंद चमकतेसुद्धा. जिवाणूंनी पचवलेल्या त्या आयत्या अन्नावर सूत्रकृमींच्या दोन-तीन पिढ्या वाढतात आणि अन्न संपत आले की पोटात जिवाणू घेतलेली हजारो नवी पिल्ले बाहेर पडतात. ऊन आणि कोरडेपणा त्यांना सोसत नसल्याने उसात ती संध्याकाळी, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, सोडणेच योग्य.