साधा वर्तमानकाळ आणि घर बदललेला 'स'

तासगावच्या एका ताईंनी लेकीचा प्रश्न कळवलाय. मुलगी सहावीत. वहीत लिहून दिलंय, 'सिंपल प्रेझेंट टेन्स म्हणजे साधा वर्तमानकाळ, आत्ता घडणारी क्रिया.' मुलीचं म्हणणं, मग 'द सन राइजेस इन द ईस्ट' हे रात्री आठ वाजता म्हटलं तर चूक का? आणि ताईंची स्वतःची शंका, ह्याला साधा का म्हणायचं? सोपा असतो म्हणून?

मुलगी हुशार आहे. 'आत्ता घडणारी क्रिया' ही व्याख्या साताऱ्यापासून सांगलीपर्यंत इतक्या क्लासांच्या फळ्यांवर वाचलीय, की आता राग आवरत नाही. आत्ता चाललेलं सांगायला इंग्रजीत 'इज गोइंग' आहे. साध्या रूपात येतं ते नेहमीचं, सवयीचं, कायमचं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात मिळते, पुरात मिळते, आपण झोपलो असलो तरी मिळते. म्हणून 'जॉइन्स'. 'नो', 'वाँट', 'लाइक' ही आत्ताबद्दलही ह्याच रूपात येतात खरी, पण त्या मनाच्या अवस्था झाल्या, घडणाऱ्या क्रिया नव्हेत.

साधा म्हणजे सोपा नव्हे. सिंपलच्या मुळाशी लॅटिन 'सिम्प्लेक्स' आहे, म्हणजे एक घडीचं, एकपदरी. विधान करताना मदतीला दुसरं क्रियापद न घेणारं रूप, एवढंच. 'एकेरी वर्तमानकाळ' म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ टळला असता.

उरलेला गोंधळ नावांच्या जोडीतून येतो. निघताना आपण 'बरं, येतो' म्हणतो. दाराची कडी वाजली की 'थांब, मी उघडतो' म्हणतो. रूप साध्या वर्तमानाचं, अर्थ पुढचा. इंग्रजीत तिथे 'आय ओपन' चालत नाही. उलट सवयीसाठी आपल्या शालेय व्याकरणात 'मी लिहीत असतो' असा वेगळा रीतिवर्तमान मांडलेला असतो, आणि इंग्रजीत तेही काम सिंपलच करतं. नावं जुळली म्हणून काळ जुळत नाहीत.

ह्यावर काही शिक्षक सांगतात, मराठीत ह्याला जोडच नाही, तेव्हा पाठ करा. हे मला अजिबात मान्य नाही. जोड आहे, आणि ती पोरांच्या तोंडातच आहे. बळी तो कान पिळी. देव तारी त्याला कोण मारी. खाई त्याला खवखवे. मनी वसे ते स्वप्नी दिसे. ह्यातलं काहीही 'आत्ता' घडत नाही, सगळं नेहमी घडतं. शाळेची पुस्तकं 'तो रोज देवळात जाई' हे एक वाक्य देतात आणि अशा रूपांना रीतिभूतकाळ म्हणून मोकळी होतात. गोष्ट सांगताना ते बरोबर. पण बळी कान पिळतो तो काय फक्त काल? मुळात हाच मराठीचा जुना वर्तमानकाळ. पुढे 'करतो, जातो' ही रूपं आली, त्यांनी त्याची जागा घेतली, आणि तो म्हणींत, ओव्यांत आणि आठवणींत जाऊन राहिला.

आता खरी गंमत. वसति, वसइ, वसे. तारयति, तारेइ, तारी. म्हणींतला हा 'ए' आणि 'ई' संस्कृत 'ति'चा झिजून उरलेला अंश आहे. जुन्या इंग्रजीतही 'तो'साठी त्याच मुळाचा प्रत्यय होता, 'थ'. 'बेअरेथ' म्हणजे वाहतो. संस्कृतात भरति. हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत. 1611 च्या इंग्रजी बायबलात सगळीकडे हा 'थ' दिसतो. शेक्सपिअर तर एकाच ओळीत 'ब्लेसेथ' आणि 'गिव्ह्ज' वापरतो, म्हणजे 'थ' निघालेला आणि 'स' आलेला, दोघे एका उंबऱ्यावर.

हा 'स' इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीतून खाली उतरला. तो मुळात कुठला, ह्यावर वाद आहेत. एक मत असं की तो 'तू'चा प्रत्यय होता आणि पसरत पसरत 'तो'वर गेला. मी ह्या मताच्या बाजूने आहे, कारण 'तू'चा 'स' आपल्याला घरचा आहे. संस्कृत गच्छसि, जुन्या मराठीत करिसी, आज 'तू जातोस'. तो आपल्याकडे 'तू'जवळच राहिला, इंग्रजीने त्याचं घर बदललं.

आणि पोरांच्या चुका इथेच आहेत, असं माझं ठाम मत आहे. मराठीत 'मी जातो' आणि 'तो जातो' ह्यांचा शेवट एकच. मग 'आय गो' म्हटल्यावर 'ही गो' म्हणणारं पोर मराठीच्या नियमानेच चाललेलं असतं. 'यू गोज' म्हणणारं पोर 'तू जातोस'मधला 'स' तिकडे नेतं. 'लक्ष नाही', 'अभ्यास नाही' म्हणून त्याला उभं करणाऱ्यांनी आधी ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत.

नेहमी आणि आत्ता ह्यांतला फरकही पोरांना शिकवावा लागत नाही. 'बाबा हळद शिजवतो' म्हणजे दर वर्षीचं, 'शिजवतोय' म्हणजे कढईखाली जाळ आहे. सांगलीच्या बाजूला कुठल्याही पोराला विचारा. पहिलं 'बॉइल्स', दुसरं 'इज बॉइलिंग'.

ताई, सूर्याचं राहिलंच. रात्री आठलाही 'राइजेस'च. वहीतली व्याख्या खोडा, आणि तिला 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' इंग्रजीत करायला सांगा. 'वसे' आणि 'दिसे', दोन्ही ठिकाणी तिला 'स' लावावा लागेल.