मळके पाय कारावाज्जोचे, मग वास्तववादाचा मान कूर्बेला का?

प्रश्न : ताई, मी कलेच्या इतिहासाचा अभ्यास करते आहे. बरोक, रोकोको, नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद ही साखळी पाठ झाली. पण इटलीच्या कारावाज्जो या चित्रकाराने १६००च्या आसपास चिखलाने भरलेले पाय रंगवले, तरी तो बरोक. आणि फ्रान्सच्या कूर्बेने अडीचशे वर्षांनी गावची माणसं रंगवली, तर तो वास्तववादाचा जनक. वास्तव तर दोघांनीही रंगवलं. मग हा भेदभाव कशासाठी?

उत्तर : आधी ते पाय नीट पाहू. रोममधल्या सांत आगोस्तिनो चर्चमध्ये कारावाज्जोचं 'लोरेतोची मॅडोना' आजही लावलेलं आहे. बाळ येशूला कडेवर घेऊन त्याची आई मरिया दारात उभी आहे आणि तिच्यापुढे दोन यात्रेकरू गुडघे टेकून हात जोडताहेत. पुरुषाचे अनवाणी तळवे, मातीने माखलेले, थेट आपल्या तोंडासमोर येतात. शेजारच्या म्हातारीच्या डोक्यावरचं फडकं फाटकं आणि कळकट. चित्र लागलं तेव्हा लोकांनी बराच गलका केला, असं बाल्योने या समकालीन चित्रकाराने लिहून ठेवलंय. (बाल्योनेचं कारावाज्जोशी हाडवैर. बदनामीचा खटलाही भरला होता त्याने, तेव्हा त्याचं लिहिणं जरा सांभाळूनच वाचावं.)

हे पाय चित्रात आले कशासाठी? कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मपरिषद १५४५ ते १५६३ या काळात भरली. त्या चर्चपासून फुटलेल्या प्रॉटेस्टंटांनी चर्चमधली चित्रं-पुतळे फोडायला सुरुवात केली होती. परिषदेने उलट ठरवलं की चित्रं राहतील आणि भाविकांना धर्म शिकवतील. बरोकचा अंधार, त्यातून घुसणारा उजेड, हाताच्या अंतरावर आलेली माणसं, हे सगळं त्या कामाला जुंपलेलं आहे. मळक्या पायांचा यात्रेकरू म्हणजे बघणाऱ्याला चित्रात ओढून नेणारा माणूस. आपण त्याच्या मागे उभे राहतो आणि तो जिच्याकडे पाहतो तिच्याकडे पाहू लागतो. चित्र तिचं आहे, त्याचं नाही.

मळक्या पायांची ही सवलत कुठे संपत होती तेही कळतं. त्याच कारावाज्जोने 'मरियेचा मृत्यू' रंगवताना खुद्द मरियेलाच सुजलेल्या पोटाची, उघड्या पावलांची, कुठल्याही बाईसारखी मेलेली दाखवली. ज्या कार्मेलाइट साधूंसाठी चित्र होतं त्यांनी ते नाकारलं. चित्रकार रूबेन्सच्या सल्ल्यावरून मान्तुआच्या ड्यूकने ते विकत घेतलं. आता ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. गरिबाचे पाय मळके चालत होते, मरियेचे नाही.

आता कूर्बेकडे जाण्याआधी एक गोष्ट. मी शिकवायचे तेव्हा चित्र दाखवण्याआधी त्याचं माप फळ्यावर लिहायचे. मुलं वैतागायची. पण पुस्तकात आणि मोबाइलवर सगळी चित्रं एकाच आकाराची होतात, आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच हरवतं.

फ्रान्समध्ये १६४८ साली राजाश्रयाने चित्रकारांची अकादमी निघाली आणि तिने विषयांची उतरंड लावली. सगळ्यात वर इतिहासचित्र, म्हणजे बायबल, पुराणकथा, प्राचीन वीर. मग व्यक्तिचित्र, मग रोजच्या जगण्यातले प्रसंग, निसर्गदृश्य, आणि तळाशी फळं-भांडी. भिंतभर कॅनव्हासवर हक्क वरच्या पायरीचा. शेतकरी रंगवू नका असं कोणी म्हणत नव्हतं. सतराव्या शतकात ल नँ बंधूंनी शेतकरी कुटुंबं फार जिव्हाळ्याने रंगवली, शार्दँने स्वयंपाकघरातल्या बायका रंगवल्या, डच चित्रकारांनी तर काय काय रंगवलं. पण ती दिवाणखान्यात मावणारी चित्रं होती.

या उतरंडीला एकेक धक्का कसा बसत गेला ते पाहा. दाव्हीदचं 'होराती बंधूंची शपथ' (१७८५चं सालाँ, म्हणजे पॅरिसचं अधिकृत चित्रप्रदर्शन) सव्वातीन मीटर उंच, सव्वाचार मीटर रुंद, पण माणसं रोमन; म्हणजे नियमात. आठ वर्षांनी त्याने 'माराचा मृत्यू' रंगवला. मारा हा फ्रेंच क्रांतीतला पत्रकार-पुढारी, जुलै १७९३मध्ये न्हाणीच्या टबात खून झालेला. चित्राचा वरचा निम्मा भाग निव्वळ रिकामा. खाली पांढरी चादर, ठिगळ लावलेली, हातात पत्र, टबाशेजारी लाकडी खोकं, त्यावर 'मारासाठी, दाव्हीद'. आणि उजवा हात जमिनीपर्यंत लोंबतोय, अगदी कारावाज्जोच्या 'ख्रिस्ताचं दफन' मधल्या मृत ख्रिस्ताच्या हातासारखा. नवअभिजातवादाचा, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन आदर्शांकडे परतणाऱ्या शैलीचा म्होरक्या बरोकची उधारी करतोय, आणि तीही कालपरवा मेलेल्या माणसाला संत करण्यासाठी. म्हणून मला ती साखळी आवडत नाही. एक कडी संपली, दुसरी सुरू झाली, असं प्रत्यक्षात कुठेच दिसत नाही.

मग झेरीको. 'मेदूझाचा तराफा', १८१९, जवळजवळ पाच मीटर बाय सात. १८१६ साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ 'मेदूझ' हे फ्रेंच जहाज रुतलं. वशिल्याने नेमलेल्या कप्तानाने वर्षानुवर्षं जहाज हाकलेलं नव्हतं. होड्या पुरल्या नाहीत, म्हणून सुमारे दीडशे माणसं तराफ्यावर चढवली आणि दोर सोडून दिला. तेरा दिवसांनी सापडली तेव्हा पंधरा जिवंत होती. झेरीको वाचलेल्यांना भेटला, सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करून घेतली, शवागारात जाऊन अभ्यास केला. वर्तमानपत्रातली बातमी इतिहासचित्राच्या मापात आली. वीर कोणीच नाही. सगळ्यांच्या वर चढून फडकं हलवतो आहे तो एक कृष्णवर्णीय माणूस. एवढं असूनही ते पूर्ण वास्तव नाही. तेरा दिवस उपाशी माणसांच्या पाठी बघा, मायकेलअँजेलोच्या तालमीतून आल्यासारख्या पिळदार आहेत! भावना टोकाला नेण्यासाठी देह भव्य करायचे, ही स्वच्छंदतावादाची रीत.

कूर्बेने ही शेवटची भव्यताही काढून टाकली. 'ओर्नाँमधील दफन' : उंची तीन मीटरांहून जास्त, रुंदी साडेसहा मीटरांहून जास्त, चाळीसच्या वर माणसं, सगळी जवळपास खऱ्या आकाराची. ओर्नाँ हे त्याचं गाव, आणि गावकरीच त्याच्यापुढे उभे राहिले. लाल झग्यातले चर्चचे सेवक, नाकंही लालच. पांढरा कुत्रा, भलतीकडे बघणारा. क्रूस क्षितिजाच्या वर उचललेला, पण बहुतेकांचं तिकडे लक्ष नाही. खड्डा चित्राच्या खालच्या कडेला अर्धवट कापलेला. मेला कोण, हे चित्र सांगत नाही. या चित्रात कारावाज्जोच्या यात्रेकरूंसारखी माणसं आहेत, मात्र त्यांनी जिच्यापुढे गुडघे टेकावेत ती मरियाच नाही. आणि सालाँ प्रदर्शनाच्या यादीत त्याने नावात चक्क 'एका दफनाचा इतिहास' असं घातलं, म्हणजे अकादमीची सर्वांत वरची पायरीच मागितली. समीक्षकांनी कुरूप म्हणून झोडपलं ते नाकांमुळे कमी, या मागणीमुळे जास्त, असं माझं मत.

वेळही लक्षात घ्या. १८४८च्या क्रांतीने फ्रान्समधल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला होता. दोनेक वर्षांत त्याच मतदारांपैकी काही जण पॅरिसमध्ये भिंतभर आकाराने समोर आले, तेव्हा पोटात गोळा येणारच. परीक्षक मंडळाने चित्र अडवलं का नाही? कारण १८४९मध्ये कूर्बेला पदक मिळालं होतं आणि पदकवाल्यांना निवडीतून सूट होती. आधीच्या चित्राला बक्षीस देऊन परीक्षकांनी स्वतःचेच हात बांधून घेतले होते. १८५५च्या जागतिक प्रदर्शनात ही सूट नव्हती. तिथे 'दफन' आणि नवं 'चित्रकाराची कार्यशाळा' दोन्ही नाकारली गेली. त्याने शेजारीच स्वखर्चाने मंडप उभारला आणि दारावर 'वास्तववाद' लिहिलं. गर्दी बेताचीच झाली. तिथे जवळजवळ तासभर एकटा उभा राहिलेला एक प्रेक्षक म्हणजे दलाक्र्वा, स्वच्छंदतावाद्यांचा अग्रणी. नाकारलेलं 'कार्यशाळा' हे चित्र अप्रतिम आहे, असं त्याने रोजनिशीत नोंदवलं.

प्रश्न : रोकोको मला उथळ वाटतो. अभ्यासातून वगळला तर काय बिघडेल?

उत्तर : दाव्हीद कशावर चिडला होता ते कळणार नाही. चौदावा लुई १७१५ साली वारला, दरबारी मंडळी व्हर्सायच्या राजवाड्यातून पॅरिसच्या घरांमध्ये परतली, दालनं लहान झाली आणि चित्रंही; हाच रोकोकोचा काळ. फ्रागोनारचं 'झोका' (१७६७) एक मीटरभरही उंच नाही. गुलाबी झग्यातली बाई झोक्यावर, चप्पल हवेत उडालेली, झुडपात लपलेला तरुण खालून बघतोय. चावटपणा आहेच, पण त्या झग्याच्या घड्यांवर फिरलेला कुंचला बघा. असा हात पुढे फार थोड्यांना लाभला. आणि वातोचा 'पिएरो' पाहिल्याशिवाय उथळ हा शब्द वापरू नका. पांढऱ्या सैल कपड्यांतला विदूषक, हात लोंबकळत, सरळ आपल्याकडे बघत उभा. हसवायचं सोडून नुसता उभा.

क्रांतीनंतर फ्रागोनारचे आश्रयदाते उरले नाहीत, तेव्हा त्याला नव्या संग्रहालयात काम मिळवून द्यायला मदत केली ती दाव्हीदने. चित्रातलं भांडण माणसांपर्यंत गेलंच पाहिजे असं नसतं.

प्रश्न : कॅमेरा आल्यामुळे वास्तववाद आला, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का?

उत्तर : तारखा सोयीच्या आहेत म्हणून लोक असं म्हणतात. दागेरची छायाचित्र काढण्याची पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि दहा वर्षांत कूर्बे पुढे आला. त्याने छायाचित्रांचा आधार घेतलाही. पण सुरुवातीची छायाचित्रं तळहाताएवढी आणि रंगहीन; कूर्बेचा रंग मात्र चाकूने थापलेला, जाड, खरबरीत. 'दफन' मधल्या आभाळाखालचे कडे जवळून पाहिले तर रंगाचे थर दिसतात. त्याला डोळ्यांनी पाहिलेलं हवं होतं हे खरं, पण ते त्याने मांडलं ते रंगाच्या वजनात, आणि ते त्या काळच्या कुठल्याच कॅमेऱ्याकडे नव्हतं.