एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रोजेक्टला "लोक ऑनलाइन लिंका कशा शेअर करतात" हा विषय घेऊ का? यावर खरंच संशोधन आहे का, आणि पुढे स्कोप आहे का?

घ्या. बिनधास्त घ्या. आणि घरात कोणी "यात कसला अभ्यास" म्हणालंच तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. मी जवळपास हाच विषय घेतला होता, डेलिशस ही बुकमार्क शेअर करायची साइट जोरात होती तेव्हा, आणि आमचे भावोजी (ताईचे मिस्टर) पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले होते, "लिंका गोळा करायला डिग्री कशाला लागते?" सगळे हसले. मी वाढत होते, हातात आमटीचं भांडं, काय बोलणार.

संशोधन आहे का विचारताय तर 1945 पासून आहे. व्हॅनेवार बुश या अमेरिकन इंजिनिअरने त्या वर्षी जुलैत अटलांटिक मासिकात लेख लिहिला, त्यात मेमेक्स नावाचं एक टेबल कल्पनेतच उभं केलं. आत मायक्रोफिल्मवर पुस्तकं, आणि वाचणाऱ्याने एका मजकुरातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा जोडून ठेवायच्या. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे, की ती अख्खी वाट मित्राला देता येणार होती. म्हणजे "हे घे वाच" एवढंच नाही, मी इथे कुठून कुठून आलो तेही घे. मग 1965 मध्ये टेड नेल्सनने हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकांनी एकमेकांना जोडलेला मजकूर, हा शब्द छापला. त्याचा हट्ट असा की लिंक दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे आणि कुठलाही उतारा उचलला तरी मूळ जागेशी धागा राहिला पाहिजे. ते त्याला हवं तसं कधी उभंच राहिलं नाही. 1989 मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या टिम बर्नर्स-लीने वेब मांडताना त्यातलं अवघड ते सगळं सोडून दिलं, लिंक एकतर्फी, समोरच्याला पत्ताही नाही, पान हललं की 404, म्हणजे पान सापडत नाही. हायपरटेक्स्टमधल्या जाणकारांना हे इतकं कच्चं वाटलं की 1991 च्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत त्याचा पेपर घेतला नाही, नुसता डेमो दाखवा म्हणाले. (भावोजी, वाचताय ना?) पण कोणाची परवानगी लागत नव्हती म्हणूनच तर वेब पसरलं. त्याची किंमत आता दिसतेय, प्यू रिसर्च या अमेरिकन संस्थेने 2024 मध्ये मोजलं तर 2013 मधली 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती.

माझा भाग मात्र टॅगिंगचा, म्हणजे लिंकेला ओळखीचे छोटे शब्द चिकटवायचा. डेलिशस 2003 चं, जोशुआ शॅक्टरचं. आपले बुकमार्क सगळ्यांना दिसतील असे ठेवायचे आणि आपल्याच शब्दात टॅग द्यायचे. वर्गीकरणाचे नियम पाठ करून बसलेल्या आम्हा मुलींना वाटायचं हा नुसता गोंधळ होणार. पण एचपी लॅबमधल्या गोल्डर आणि ह्युबरमन यांनी 2006 मध्ये दाखवलं की एका लिंकला साधारण शंभरेक लोकांनी बुकमार्क केलं की कुठला टॅग किती टक्के हे प्रमाण जवळपास स्थिर होतं. वर कोणी ग्रंथपाल नाही, समिती नाही, तरी. हे वाचून मी विषय ठरवला होता.

आता खरी गोष्ट. आम्ही आणि ताई ठाण्यात घोडबंदर रोडला एकाच सोसायटीत, आणि भावोजी सेक्रेटरी. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रुपवर पाणी बंदच्या नोटिशीचा फोटो टाकला, उद्या 24 तास पाणी नाही. घोडबंदरवाल्यांना सांगायला नको असला मेसेज आला की काय होतं ते. बादल्या, पिंपं, कुकर, एकीने तर वॉशिंग मशीन भरून ठेवलं. फोटो वरून कापलेला, वर्ष दिसत नाही, पण तारखेपुढे शुक्रवार लिहिलेलं आणि आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेला शनिवार! मी ग्रुपवर विचारलं, भावोजी, याची लिंक आहे का, कुठून आलं? उत्तर नाही. परत विचारलं तर सी विंगच्या एका काकांनी हात जोडल्याचा इमोजी टाकला आणि भावोजींनी लिहिलं, "तू लायब्ररीत विचार, इथे पाण्याचं चाललंय." तोवर टँकर सांगून झाले होते. दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीच्या वेळेला आलं आणि नळाला पाणी असताना गेटवर टँकर उभे. तो फोटो आदल्या वर्षीचा निघाला, कुठल्या तरी दुसऱ्या ग्रुपवरून आलेला, तिथे तो कुठून आला ते कोणालाच माहीत नाही. पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले. जनरल बॉडीत विषय निघाला तेव्हा भावोजी म्हणाले, सावधगिरी बाळगलेली बरी. अहो पण सावधगिरी म्हणजेच तर लिंक उघडून बघणं!

फॉरवर्डचा घोळ नेमका हाच आहे. मजकूर पुढे जातो आणि मागे जायची वाट कापली जाते. बुशपासून नेल्सनपर्यंत सगळी माणसं ज्या एका गोष्टीसाठी डोकं खपवत होती तीच आपण स्क्रीनशॉट क्रॉप करताना अंगठ्याने उडवतो.

आणि लिंक असली तरी कोण उघडतं म्हणा. 2016 च्या एका अभ्यासात ट्विटरवर शेअर झालेल्या 59 टक्के लिंकांवर कोणी एकदाही क्लिक केलेलं नव्हतं. 2024 मध्ये फेसबुकच्या साडेतीन कोटी पोस्टींचा अभ्यास आला, त्यात साधारण 75 टक्के वेळा लोकांनी लिंक स्वतः न उघडताच शेअर केलेली. याला उपाय नाही असंही नाही, ट्विटरने 2020 मध्ये "आधी वाचणार का?" असा साधा प्रश्न मध्ये आणला तर लोक 40 टक्के जास्त वेळा लेख उघडायला लागले. ग्रुपवर "लिंक?" विचारणारी बाई म्हणजे तेच काम फुकटात करणारी बाई, एवढंच माझं म्हणणं होतं.

कोणाला हे टँकरच्या बिलापुरतं वाटत असेल तर राईनपाडा आठवा. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या फॉरवर्डवरून डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारलं. व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्डची मर्यादा आणायचं त्याच महिन्यात जाहीर केलं.

नंतर मी सोसायटीसाठी एक शेअर्ड शीट केली. नोटीस टाकायची तर मूळ लिंक, तारीख, आणि आपल्या शब्दात टॅग. लगेच दिसलं की एकच गोष्ट एकजण लाईट लिहितो, दुसरा वीज, तिसरा एमएसईबी. फर्नास नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी 1987 मध्येच मोजलं होतं की एकाच वस्तूला दोन माणसं तोच शब्द देण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी. म्हणून तर पुष्कळ लोकांचे पुष्कळ टॅग लागतात. शीट ताई वापरते, सी विंगचे काकाही वापरतात. भावोजी अजून फोटोच टाकतात.

तुम्ही करणार असाल तर जुन्या साइट्सच्या मागे लागू नका, डेलिशस संपलं. आपल्याकडचे सोसायटीचे, शाळेच्या पालकांचे ग्रुप घ्या, त्यात लिंक किती येते आणि नुसता फोटो किती ते मोजा. ग्रुपमधल्या सगळ्यांची परवानगी घ्या हं, गुपचूप चॅट एक्स्पोर्ट करून बसू नका. आणि वरचे आकडे ट्विटर-फेसबुकचे आहेत, उघड्या पोस्टींचे, ते जसेच्या तसे ठाण्यातल्या बंद ग्रुपला लावू नका, व्हायवाला तिथेच पकडतील. शिवाय खरं सांगायचं तर फोटो पाठवण्यामागे आळसच असतो असंही नाही, साठी ओलांडलेल्या माणसाला लिंक उघडली की आधी कुकीजचा बोर्ड, मग जाहिरात, मग पीडीएफ डाउनलोड, त्यापेक्षा फोटो बरा वाटतो. हे भावोजींचं म्हणणं, आणि तेवढं मला मान्य आहे.

स्कोपचं राहिलंच. नुसत्या या विषयावर नोकरी कोणी देणार नाही. मी ऐरोलीला एका कंपनीत डॉक्युमेंटेशन सांभाळते, मुलाखतीत टॅगिंगचा प्रोजेक्ट विचारला होता त्यांनी, बराच वेळ. कॉलेज लायब्ररीचं मला विचारू नका, तिकडे मी गेलेच नाही.