नवरा लंडनला, मी मुंबईत. स्पाउस व्हिसासाठी इथली बचत दाखवता येते का?

येते. दोघांपैकी कुणाच्याही किंवा जॉइंट खात्यातली चालते, पैसे लंडनला पाठवायची गरज नाही. ११ एप्रिल २०२४ पासून उत्पन्नाची अट वर्षाला २९,००० पाउंड आहे. नुसत्या बचतीवर अर्ज केला तर ८८,५०० पाउंड लागतात: १६,००० अधिक २९,००० च्या अडीच पट. नवऱ्याचा पगार कमी पडत असेल तर १६,००० अधिक फक्त तुटीच्या अडीच पट धरा.

रक्कम सलग सहा महिने हवी. घोळ इथेच होतो! एक दिवस जरी बॅलन्स खाली गेला, तरी ती खालची रक्कमच मोजतात. हिशोब अर्जाच्या दिवशीच्या दराने होतो, म्हणून रुपया घसरेल हे धरून थोडे जास्त ठेवा. पीपीएफ नको, मोडता येणारी एफडी चालते. शेवटचे स्टेटमेंट अर्जाआधीच्या २८ दिवसांतले असू द्या.