प्रेप वेगळं, पेप वेगळं

एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल फिरून फिरून तोच गोंधळ येतो, म्हणून आधीच सांगतो. धोका घडण्याआधीपासून घ्यायची ती प्रेप, घडून गेल्यावर घ्यायची ती पेप. दोन्हींत टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध असतं, पण म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

प्रश्न : शनिवारी रात्री कंडोम फाटला. जोडीदाराची तपासणी झालेली नाही. मित्र म्हणतो, प्रेप सुरू कर. (तुर्भे, वय ३४)

मित्राचं ऐकू नका. हवी होती ती पेप, आणि तिची मुदत ७२ तास. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर सर्वांत चांगलं, कारण विषाणू एकदा पेशींत घर करून बसला की गोळीचा उपयोग नाही. तुमचं उत्तर छापून येईपर्यंत मुदत टळलेली असणार. अशा वेळी पत्र लिहीत बसू नका, रिक्षा पकडा. जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका. पहिला डोस आधी, रिपोर्ट मागाहून. टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिग्रॅ अशी एकत्र गोळी असते; रोज एक, पूर्ण २८ दिवस. बरं वाटतंय म्हणून दहाव्या दिवशी सोडायची नाही. लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीचं जेल घेत असाल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या, नाहीतर डोल्युटेग्रॅविर नीट शोषलं जात नाही. मुदत गेली असली तरी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात जाऊन तपासणी करा, आता लगेच आणि पुढे सांगतील त्या तारखांना.

प्रश्न : सलूनचा वस्तरा, डास, सार्वजनिक संडास यांच्यासाठी प्रेप घ्यावी का? (ऐरोली)

नाही. न्हाव्याला नवीन ब्लेड लावायला सांगा.

प्रश्न : मित्राच्या बाटलीतल्या गोळ्या मिळाल्या. शेवटची टेस्ट आठ महिन्यांपूर्वीची, निगेटिव्ह. मध्यंतरी ताप येऊन गेला. जिमला जातो, तब्येत उत्तम. सुरू करू? (घणसोली, वय २७)

नको. आठ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट आज रद्दीच्या भावाचा आहे, आणि तो ताप मला खटकतो. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ असा त्रास होऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या टेस्ट होतात, त्या निगेटिव्ह आल्या की ‘व्हायरल आहे’ म्हणून विषय संपतो. त्या काळात साधी रॅपिड टेस्टही निगेटिव्ह येऊ शकते, कारण ती अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं शोधते आणि अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. चौथ्या पिढीची टेस्ट अँटिजेन, म्हणजे विषाणूचा अंशही शोधते, म्हणून लागण लवकर पकडते. तुमच्या बाबतीत कोणती टेस्ट, कधी, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

एवढा आग्रह का? प्रेपमध्ये टेनोफोविर ३०० आणि एम्ट्रिसिटाबिन २०० मिग्रॅ, अशी दोनच औषधं असतात. विषाणूला दारात अडवायला ती पुरतात, घरात शिरलेल्याला आवरायला पुरत नाहीत. लागण झालेली असताना ती घेत राहिलात तर विषाणू एम्ट्रिसिटाबिनला दाद देईनासा होतो, आणि तिच्याच जातकुळीतली लॅमिव्हुडिनही निकामी होते. म्हणजे उद्याच्या उपचारातलं एक हत्यार आजच बोथट. मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो, वेबसाइट ‘टेस्टची गरज नाही’ म्हणून सवलतीत किट विकते. त्यांचं काय जातं? लोकलच्या डब्यातल्या गुप्तरोगाच्या स्टिकरांइतकाच त्यांच्यावर भरवसा ठेवा.

एचआयव्हीसोबत आणखी दोन तपासण्या लागतात. एक हिपॅटायटिस बी : हीच औषधं त्या विषाणूलाही दाबतात, आणि गोळी अचानक बंद केली की यकृताला जोराची सूज येऊ शकते. दुसरी क्रिएटिनिन, मूत्रपिंडांचं काम बघणारी : रक्त गाळण्याचा वेग दाखवणारा क्लिअरन्स ६० च्या खाली असेल तर ही गोळी देत नाहीत. जिममधलं क्रिएटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं क्रिएटिनिनचा आकडा उगाच वाढलेला दिसतो. अंगदुखीवर सर्रास डायक्लोफिनॅक घेण्याची सवयही सांगा. टेनोफोविरसोबत तिचा मूत्रपिंडांवर भार पडतो. सुरू केल्यावर एका महिन्यानं आणि मग दर तीन महिन्यांनी एचआयव्ही टेस्ट. ही शिस्त जमणार नसेल तर सुरूच करू नका.

प्रश्न : महिन्यातून एकदाच संबंध येतो, पुरुषाशीच. रोज गोळी कशाला? (कोपरखैरणे)

पुरुषांसाठी दुसरी पद्धत आहे. संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, मग पहिल्या डोसपासून २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. शनिवारी संध्याकाळी सहाला दोन घेतल्या तर रविवारी सहाला एक, सोमवारी सहाला एक. सोमवारची विसरायची नाही. हिपॅटायटिस बी असेल तर ही पद्धत वापरू नका. स्त्रियांनाही ती चालत नाही. त्यांनी रोजच घ्यायची आणि पूर्ण संरक्षणासाठी सुरुवातीचे २१ दिवस धरायचे. तुम्हाला चालेल का, ते तपासणीनंतरच ठरेल.

प्रश्न : नवरा एआरटीवर (एचआयव्हीच्या उपचारावर) आहे. मूल हवंय. मला प्रेप लागेल? (कळवा)

त्यांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण किती, ते आधी बघा. औषधं नियमित आहेत आणि सहा महिने विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही, तर संबंधातून तुम्हाला लागण होत नाही. तोपर्यंत प्रेप हा चांगला आधार आहे. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ती घेता येते. एआरटी केंद्रात दोघांनी मिळून जा.

प्रश्न : प्रेप चालू असताना कंडोम लागतो का? (खारघर)

लागतो. सिफिलिस, गनोरिया आणि गर्भधारणा यांना प्रेप अडवत नाही.

प्रश्न : सहा महिन्यांतून एकदाच घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे. गोळीसाठी थांबू? (ठाणे पश्चिम)

लेनाकापॅविर. अमेरिकेत जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. थांबू नका, धोका आज असेल तर गोळीबद्दल आजच विचारा. आणि व्हॉट्सॲपवर ‘इंपोर्टेड’ म्हणून कुणी देऊ केलं तर घेऊ नका.

प्रश्न : तपासणीला गेलो तर घरी कळेल का?

२०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. जायच्या आधी बोलायचं असेल तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.