रियाधला जीआय वॉर्डला येतेस ना, मग क्रोन्सचं हे वाचून ये

अगं, तू विचारलंस की मिरजेत क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या जुनाट आजाराचे, मोजकेच पेशंट बघितलेत आणि आता रियाधला जीआय वॉर्ड, म्हणजे पोट-आतड्यांचा वॉर्ड मिळतोय, तर जमेल का. जमेल गं. डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणी, प्रोमेट्रिक म्हणजे नर्सच्या लायसन्सची परीक्षा, त्यांचं सगळे सांगतात, मी वॉर्डचं सांगते, 9 वर्षं इथेच काढलीयेत.

पेशंट बहुतेक तरुण, कॉलेजातली पोरं, नुकतं लग्न झालेल्या मुली. वजन उतरलेलं, पोटात उजवीकडे खाली दुखतं, जुलाब थांबत नाहीत, आणि घरचे म्हणतात ऐन लागली, म्हणजे आपली नजर गं, म्हणून उशाशी झमझमचं पाणी. ते हलवू नकोस.

असं पोट दिसलं की आपल्या डोक्यात आधी टीबी येतो, तो इथेही बघतातच, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स स्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं बघताना, खूपदा सारखे दिसतात. इन्फ्लिक्सिमॅब हे क्रोन्सचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, ते द्यायच्या आधी सुप्त टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासलाय ना ते फाईलमधे स्वतः बघ, नाहीतर दबलेला टीबी उसळतो. डोस 0, 2, 6 व्या आठवड्याला, मग दर 8 आठवड्यांनी, साधारण 2 तास ड्रिप.

खरं अवघड म्हणजे फिस्टुला, आतड्यातून कातडीपर्यंत पडलेली वाट जिच्यातून पू येतो, कारण तो कुणी सांगतच नाही. एक मुलगी आलेली, प्रत्येक प्रश्नाला उत्तर वडीलच देत होते, ती नुसती अबायाची बाही मुठीत आवळून बसलेली. वडिलांना बाहेर बसायची विनंती केली, पडदा ओढला, मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं, तर कितीतरी महिने पू येतोय म्हणून पॅड लावून फिरत होती, आईलासुद्धा माहीत नव्हतं. तेव्हापासून मी बाईपेशंटला एकटीला विचारल्याशिवाय चार्ट बंद करत नाही, तूही करू नकोस.

रमजानात जास्त जप. आजाऱ्याला रोजातून सूट असते तरी खूप जण धरतात, आणि दुपारच्या गोळ्या सरळ सोडून देतात. स्टिरॉइड अचानक बंद करायचं नाही हे रमजानच्या आधीच बजावून ठेव, गोळ्यांच्या वेळा डॉक्टर इफ्तार-सुहूरला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना आणि पहाटे रोज्याआधी खाताना, बसवून देतात. ड्रिपने रोजा तुटतो का असं विचारलं तर आपण मत द्यायचं नाही, डॉक्टरांशी आणि इमामांशी बोला म्हणायचं. सिगारेट, शिशा म्हणजे हुक्का ओढतात का तेही विचार, धुराने क्रोन्स बळावतो.

येण्याआधी एवढं पाठ कर: बतन म्हणजे पोट, अलम म्हणजे दुखणं, इसहाल म्हणजे जुलाब, दम म्हणजे रक्त. आणि सुई लावून झाली की पुरुषाला सलामतक, बाईला सलामतिक म्हणायचं, म्हणजे लवकर बरं वाटू दे.